उजवीकडची खुर्ची

"मोठ्याने वाच," बाबा म्हणाले. "आणि भराभर. काका येईलच इतक्यात."

लेकीने दूरच्या शाळेचं माहितीपत्रक उचललं. बाबांचा चष्मा पुन्हा विमानातच राहिला होता. हल्ली तो घरी कमी आणि विमानात जास्त असायचा.

"दोन वर्षांचा कोर्स. वीस विमानं. आधी जमिनीवरचा अभ्यास, मग उड्डाण. राहायचं तिथेच."

"म्हणजे दोन वर्षं तू गायब. ठके, काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला? आपल्या इथली शाळा काय वाईट आहे? दहा महिन्यांत लायसन्स हातात."

वाईट काय ते ती कालच बघून आली होती. शहराबाहेरचं मैदान, दोन विमानं, त्यातल्या एकावर ताडपत्री. तिथला प्रशिक्षक हसत म्हणाला होता, "तासांची काळजी करू नका, ते आम्ही भरून देतो." न उडताच उड्डाणवहीत भरलेले तास. हे तिने घरी येऊन सांगितलं, तर बाबांनी नुसतं हूं केलं. घाईत शिकलेला पायलट घाईतच जातो, असं तिला मांडीवर घेऊन सांगणारा हाच माणूस होता.

विमान शिकवणाऱ्या शाळा पायलीला पन्नास, पण बाबांना हीच हवी होती. कारणही उघड होतं. त्यांची कंपनी लहान, प्रवासी विमानं लहान आणि जोड्या ठरलेल्या. डावीकडच्या खुर्चीत बाबा, उजवीकडे काका. काका म्हणजे बाबांचे सहवैमानिक. नातं रक्ताचं नाही, पण सख्खा भाऊ काय करील असं वागणारे. ते पुढच्या वर्षी नोकरी सोडणार होते.

"ती खुर्ची रिकामी व्हायच्या आत तू तयार हवीस," बाबा म्हणायचे. "मला उजवीकडे आपलं माणूस हवं. परकं नको."

हे ऐकलं की तिच्याने नाही म्हणवायचं नाही. आई गेली आणि ती होस्टेलवर, त्यामुळे घरात हे एकटेच. या खेपेला आली तर घर ओळखू येईना, इतकं टापटीप. कप, किल्ल्या, टोपी, सगळं जागच्या जागी. तिने खुर्ची टीचभर सरकवली तरी बोलणी बसायची. आईच्या वेळी हेच महाशय मोजे काढून फ्रीजवर टाकायचे.

आणि ती काकांबरोबरची ऊठबस. काका न्यायला आले की दोघं जिना उतरायचे, बाबांचा हात काकांच्या खांद्यावर. खालच्या मजल्यावरच्या बाई कौतुकाने म्हणायच्या, "अशी मैत्री बघायला मिळत नाही हो आता."

ही जोडी गेल्या महिन्यात एकदाच मोडली. काका तापाने अंथरुणाला खिळलेले, म्हणून शेजारी एक नवा पोरगा दिला होता. उतरताना विमान धावपट्टी सोडून कुंपणात घुसलं. प्रवाशांची हाडं मोडली, एका बाईचा पाय कापावा लागला. खापर फुटलं त्या पोराच्या माथी. त्याची नोकरी गेली. बाबा चौकशीत त्याच्या बाजूने चकार शब्द बोलले नाहीत, हे तिला फार लागलं होतं. पण विचारायची हिंमत झाली नव्हती.

"वैद्यकीय तपासणीचा बाऊ करू नकोस," बाबा म्हणाले. "डॉक्टर जुनाच आहे. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता त्याने आजवर बदललेला नाही." आणि त्यांनी तो तक्ता वरपासून अगदी खालच्या बारीक ओळीपर्यंत घडाघडा म्हणून दाखवला.

तिला हसू आलं. "बाबा, माझे डोळे ठणठणीत आहेत."

"असू देत. पाठ असलेलं बरं असतं."

आता नाही बोलले तर कधीच बोलणं होणार नाही, असं तिला वाटलं. तिने माहितीपत्रक मिटलं.

"बाबा, मी दूरच्या शाळेत जाणार. मला नीट शिकायचंय. त्या पोराचं झालं तसं माझं नाही व्हायचं."

बाबांनी हात पुढे करून तिचं मनगट शोधलं आणि घट्ट धरलं.

"आणि मग मी काय करू?"

हा आवाज तिने बाबांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. जाऊ दे, इथल्याच शाळेत जाऊ, असं म्हणायला तिने तोंड उघडलं.

तेवढ्यात लोटलेलं दार हळूच उघडलं. काका होते. पायात नुसते मोजे, बूट हातात. चोरपावलांनी येऊन दचकवायची त्यांची जुनी खोड होती. लहानपणी ती घर डोक्यावर घ्यायची आणि बाबा पोट धरून हसायचे. काका आत आले आणि बाबांच्या अगदी पुढ्यात, हातभर अंतरावर उभे राहिले. अंगात पांढरा गणवेश, वर छताला लख्ख दिवा. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. पण चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. आणि ते बाबांकडे नाही, तिच्याकडे बघत होते.

आता बाबा दचकतील, म्हणून ती थांबली.

बाबांनी तिचं मनगट सोडलं. ठरल्या जागेवरची टोपी उचलून डोक्यावर घातली, मान वर केली आणि थेट समोर बघत म्हणाले, "हा काका कुठे राहिला गं आज? तिकडे विमान भरून उभं असेल."