भुलाबाईचं नाक

देवकाबाईंच्या ओसरीवर ज्वारीच्या पाच धांड्यांचा मांडव उभा होता. मांडवाखाली भुलोजी, म्हणजे शंकर होता, शेजारी भुलाबाई, म्हणजे पार्वती होती, आणि भुलाबाईचं तोंड गुलाबी झालं होतं.

वर्षाली पायरीवरच थबकली. दहा वर्षांची पोर. शेतातल्या काळ्या मातीत कापूस मळून चार दिवस खपली होती, तेव्हा कुठे त्या दोन मूर्ती झाल्या होत्या. सकाळपर्यंत दोघंही मातीच्याच रंगाचे होते.

"कोनं रंगवली हिले?"

"मीनंच," देवकाबाई म्हणाल्या. त्यांच्या नखांत अजून ऑइलपेंट होता. "आज कोजागिरी, भुलाबाईच्या गाण्याची रात. आंजी गावच्या साऱ्या बाया येतीन, फोटो काढतीन. काळी भुलाबाई बरी दिसते का? अन् तू जराशी मागं बसजो. फोटोत अंधार येते."

"मंग भुलोजी काऊन नाई रंगवला?"

"त्याले काय होते? गड्याले चालते."

देवकाबाई काही वाईट नव्हत्या. उजळावी म्हणून दर रविवारी शेजारच्या या पोरीच्या तोंडाला बेसन-हळद त्याच थापायच्या, तेही फुकट. मायेनेच करायच्या, म्हणून वर्षालीला कधी बोलता आलं नव्हतं. आज मात्र तिचं डोकं फिरलं. ओलं फडकं घेऊन ती मांडवात शिरली आणि भुलाबाईचं तोंड खसाखसा पुसू लागली.

पाण्याने ऑइलपेंट थोडाच निघतो? खालची कच्ची माती भिजली, रंगाचा पापुद्रा सुटला आणि त्याच्यासोबत नाकही हातात आलं.

"खंडित झाली वं!" मैत्रीण रूपाली ओरडली. गाण्यासाठी जमलेल्या पोरी मांडवाभोवती गोळा झाल्या.

देवकाबाईंनी कपाळावर हात मारला. "घ्या! आता बसवा बिननाकाची गाण्याले!"

वर्षालीला रडू आलं होतं. भीतीने नव्हे, रागाने. पण एवढ्या जणींसमोर रडायला ती तयार नव्हती. अंगणातल्या घमेल्यात मूर्तींची उरलेली माती होती. तिने मूठभर उचलली, भिजवली आणि परत येऊन मांडी घालून बसली. उरलासुरला गुलाबी रंग नखाने खरवडून काढला. मग डाव्या हाताने स्वतःचं नाक चाचपलं, दोन बोटांत त्याची रुंदी धरली आणि तेवढंच नाक भुलाबाईला बसवलं.

देवकाबाई वाकून बघत होत्या.

"हे तं फेंदरं झालं वं. कोनावर गेली ही?"

"माह्यावर."

रूपाली फिसकन हसली. मग तीच उठली आणि भुलाबाईच्या कपाळाला कुंकू लावून आली.

दिवेलागणीला बाया आल्या. खिरापतीचा झाकलेला डबा आला, पोरी ओळीने बसल्या आणि मोबाइल वर झाले. वर्षाली पहिल्या ओळीत, अगदी भुलाबाईला खेटून बसली होती. तिच्या नाकाला माती लागली होती, ती तिने पुसली नव्हती.

"पोरी, मागं सरक ना," देवकाबाई हळूच म्हणाल्या. "अंधार येते म्हटलं ना तुले."

वर्षाली जागची हलली नाही.

"येत असन तं लाइट लावा, काकू."