पूर्वेचा शुक्र

कल्पना करा हं, मुलांनो. सूर्य नुकताच मावळलाय, तुम्ही गच्चीवर उभे आहात, आणि ज्यांनी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं ते तुमचे आजोबा चारचौघांसमोर चुकीचं उत्तर देताहेत. तुम्ही काय केलं असतं?

मैनेने काहीच केलं नाही. ती कठड्याला टेकून पूर्वेकडे बघत राहिली. नदीपलीकडच्या धुरकट हवेत दोन पिवळे ठिपके अधांतरी लटकले होते. एक जागचा हलत नव्हता. दुसरा हळूहळू त्याच्याकडे सरकायचा, थांबायचा, परत मागे जायचा. तीन दिवस झाले, दिवेलागणीला ते उगवत आणि साडेसातला विझत.

"शुक्र आहे तो," आजोबा म्हणाले.

"दोन-दोन शुक्र, मास्तर?" खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने विचारलं. "एकावर एक फुकट?"

गच्चीवर हशा पिकला. मैनेला हसू आलं नाही. शुक्र सूर्याची पाठ सोडत नाही, संध्याकाळी दिसलाच तर पश्चिमेला, हे आजोबांनीच तिला दिव्याभोवती लिंबू फिरवून दाखवलं होतं. तेव्हा आई होती. मग त्याच लिंबाचं तिने सरबत केलं होतं.

आई जाऊन आठ महिने झाले होते. तेव्हापासून मैनेला सगळं काचेपलीकडून आल्यासारखं वाटे. शिंप्याचा विनोद, हशा, दिवेसुद्धा.

दुसऱ्या संध्याकाळी आजोबांनी तो तुटता तारा ठरवला.

"दहा मिनिटं झाली सर, अजून तुटतोच आहे?" पोस्टमन म्हणाला. तो आजोबांचा जुना विद्यार्थी. "तुम्ही एकदा फळ्यावर सात पंचे चाळीस लिहिलं होतंत, आठवतं? अख्खा वर्ग ओरडला होता."

"आठवतं की. मागच्या बाकावरून तूसुद्धा ओरडला होतास," आजोबा म्हणाले आणि मैनेकडे बघून हसले. मैनेने मान खाली घातली.

जिना उतरताना शिंपी पुटपुटला, "मास्तरांचा पतंग कटला वाटतं."

घरात मावशी फोनवर कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होती. "ताई गेल्यापासून हे असंच... हो, आठ महिने. किती दिवस डोळ्यांआड करायचं? गुरुवारची वेळ मिळालीय. वेळ पडली तर तिथेच ठेवून घेतात म्हणे, बरं वाटेपर्यंत."

मैना दाराआड उभी होती. आजोबांना ठेवून घेणार. तिने ते वाक्य मनात दोनदा म्हणून पाहिलं. रडू आलं नाही.

आजोबा चुकले नाहीत तर कुणी त्यांना नेणार नाही, एवढं तिला कळलं. तिने खडू घेतला आणि कठड्यावर, जिथून स्थिर दिवा दिसे तिथे, खूण केली. दुसऱ्या संध्याकाळी दिवा बरोबर खुणेवरच होता. त्याच्या बाजूची चांदणी मात्र अर्ध्या तासात वर सरकली. म्हणजे दिवा आकाशाचा नव्हता, जमिनीला बांधलेला होता. आणि ठोक्याला साडेसातला विझतो म्हणजे कुणीतरी बटण दाबतं. नदीपलीकडे नव्या पुलाचं काम चालू होतं.

तिने चिठ्ठी लिहिली: 'शुक्र नाही. पुलाच्या क्रेनचा दिवा आहे.' घडी करून आजोबांच्या चष्म्याच्या घरात ठेवली.

आजोबांनी गच्चीवर सगळ्यांदेखत चष्मा काढला, चिठ्ठी वाचली, परत ठेवली. मग खाकरून म्हणाले, "मंडळी, हा ध्रुवतारा."

"पूर्वेला?" शिंप्याने कपाळावर हात मारला.

मैनेने दुसऱ्या दिवशी मोठ्या अक्षरांत लिहिलं. तिसऱ्या दिवशी चित्र काढलं. आजोबा वाचत, चिठ्ठी ठेवत, आणि नवी चूक करत. त्यांना वाचलेलंही कळेनासं झालंय, असं तिला वाटलं.

गुरुवारी मावशी दोघांना घेऊन निघाली. दवाखान्याची खोली लहान होती, टेबल बुटकं, खुर्च्या त्याहून बुटक्या. आजोबांचे गुडघे हनुवटीला लागत होते. टेबलावर रंगीत पेन्सिली होत्या आणि एक लाकडी जिराफ.

मावशीने सगळं सांगितलं होतंच. डॉक्टरबाईंनी फाइल उघडली.

"सर, तुमच्या गच्चीवरून म्हणे दिवे दिसतात. कसले हो?"

"शुक्र," आजोबा शांतपणे म्हणाले.

"संध्याकाळी, पूर्वेला?"

"रोज."

डॉक्टरबाईंनी पेन उचललं. मावशी जमिनीकडे बघत राहिली. पेनचं टोक कागदाला टेकलं. एकदा ते लिहिलं गेलं की खोडता येणार नाही.

"शुक्र नाही तो!"

आवाज खरखरीत होता, बरेच दिवस बंद असलेलं दार उघडावं तसा.

"संध्याकाळी पूर्वेला शुक्र नसतोच. ती क्रेन आहे, पुलाची. आजोबांना सगळं येतं. त्यांना ठेवून घेऊ नका."

पेन थांबलं. मावशीने तोंडावर पदर धरला. "आठ महिने, डॉक्टर," ती म्हणाली. "आठ महिन्यांत पहिला शब्द."

आजोबांनी चष्म्याचं घर उघडून तिन्ही चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. प्रत्येकीवर लाल पेन्सिलीने बरोबरची खूण केलेली होती. डॉक्टरबाईंनी फाइल मिटली. वर मैनेचं नाव होतं.

"एक दिवा जागचा हलत नाही," आजोबा म्हणाले. "मग दुसरा का सरकतो?"

मैनेचा हात सवयीने पेन्सिलीकडे गेला. तिने तो मागे घेतला, आणि सांगू लागली.