ट्रकखालचा पेपर

"तीन गॅरेजांत स्टिअरिंगचे पाइप बदलले, तरी तेल गळतंच! स्टिअरिंग दगडासारखं जड झालंय," ड्रायव्हर वैतागून म्हणाला. "आणि मिस्त्री, तुम्हाला तर नीट दिसतही नाही."

खरंच होतं ते. मोतीबिंदू वाढल्यापासून दादू मिस्त्रींकडं गिऱ्हाईक फिरकेनासं झालं होतं. ते ट्रकखाली सरकले. तिथल्या अंधारात डोळेवालाही आंधळाच. मिस्त्रींची बोटं मात्र पाइप चाचपत गेली आणि एका खरचटलेल्या जागी थबकली. शेजारीच पत्र्याची धार होती.

"पाइप सगळ्यांनी बदलले. ते फाटतात कशानं, हे कुणी बघितलं?"

धार कानशीनं घासून मिस्त्रींनी नवे पाइप तिच्यापासून लांब आवळले आणि खाली आजचा पेपर पसरला. "इंजिन चालू कर. स्टिअरिंग पार डावीकडं, मग पार उजवीकडं."

दहा मिनिटांनी ड्रायव्हर खाली वाकला. "एक थेंब नाही!"

"तुझी रास कुठली?"

"वृश्चिक."

"मग भविष्य वाच. पान तेलानं भिजलेलं नसेल, तर माझीही खात्री पटेल."

ड्रायव्हरनं कोरडा पेपर उचलला. "प्रवास टाळावा, म्हणतंय."

"साफ खोटं!" मिस्त्री खदखदून हसले. "निघ तू!"