गॅरेजच्या अंगणातलं गवत

तिने गवताचा वाळलेला ठोंब उपटून नाकाशी नेला. वास ऑइलचा होता, तोही ताजा. रोपवाटिकेवाल्याला शिव्या घालून झाल्या होत्या, खताला नावं ठेवून झाली होती, नशिबावर खापरही फोडून झालं होतं. पण जमिनीत मुरलेलं जुनं तेल असं ओलं, चकचकीत दिसत नाही, एवढं तिला एव्हाना कळू लागलं होतं.

जागा तशी नामी होती. बाबांचं गॅरेज बंद झाल्यावर शेड रिकामीच पडली होती आणि तिला पाळणाघर काढायचं होतं. तपासणीला आलेल्या बाईंनी खोल्या पाहून मान डोलावली, मग अंगणातली माती बोटांत चोळली आणि या मातीत पोरं खेळणार असतील तर परवानगी विसरा, म्हणाल्या. सगळी माती उपसून नेणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं. लांब मुळांचं गवत लावा, मुळांपाशी वाढणारे जंतू हळूहळू तेल खातात, हा उपाय बाईंनीच सुचवला. हळूहळू म्हणजे दोन-तीन वर्षं. इथे तर लावलेलं गवत महिनाभर तग धरेना. ही तिसरी खेप.

गवताचं भावाला ठाऊक होतं, शेजारणीला ठाऊक होतं. बाबांना तेवढं नव्हतं. ज्या अंगणात माणसाने उभा जन्म गाड्यांखाली झोपून दोन लेकरं शिकवली, ते अंगण नासलंय हे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं? म्हणून बाबा फिरायला गेले की ती लावणी उरकायची. पाणी कशाला मारतेस, असं त्यांनी विचारलंच तर धूळ बसावी म्हणून, असं सांगून मोकळी व्हायची.

शेडमागून बाबा आले. हातात तोटीचा जुना डबा होता, जळक्या ऑइलने अर्धा भरलेला. तिच्याकडे बघून ते हसले आणि कडेला जे चार हिरवे ठोंब तगले होते, त्यांच्यावर त्यांनी डबा कलता केला.

“बाबा, हे काय करताय?”

“गवत मारतोय. मेलं पुन्हा पुन्हा उगवतंय. उद्या पोरं येतील, गवतात काही चावलं-बिवलं तर तुझं नाव खराब व्हायचं.” शेडमागच्या पिंपाच्या तळाशी गॅरेजचं ऑइल उरलं होतं, ते कामी आलं, याचंही त्यांना समाधान होतं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“ते गवत मी लावलंय. तीनदा लावलं. मातीतलं तेल निघावं म्हणून.”

“कसलं तेल?”

“तुमचं, बाबा.”

बोलून गेल्यावर तिला वाईट वाटलं, पण राग काही उतरेना. तीन खेपांची मेहनत मातीत गेली होती आणि ज्याच्यावर ओरडावं असं समोर कुणीच नव्हतं.

बाबांनी खाली पाहिलं. चपलेखालचा एक ठोंब त्यांनी वाकून सरळ करायचा प्रयत्न केला, तो पुन्हा आडवा झाला. मग डबा रिकामा करायला ते सवयीने भिंतीकडच्या कोपऱ्याकडे वळले आणि अर्ध्यातच थांबले. दुसऱ्या कोपऱ्याकडे पाहिलं. फाटकाकडे पाहिलं.

“मग हे आता ओतू कुठे?” त्यांनी विचारलं.