परकी किल्ली

"हे तुमचंच ना?" बाईंनी कुलूप काउंटरवर असं आपटलं, की काच थरथरली.

कुलूपवाल्याला ते हातातही घ्यावं लागलं नाही. त्याचं कुलूप आपटलं की ठप्प वाजायचं. हे खुळखुळलं होतं.

"ताई, ही नक्कल आहे. फुटपाथवरून घेतलंत ना?"

"कुठून का घेईना! नाव कुणाचं आहे त्यावर? शाळेत शिकवून घरी येते, तर दार सताड उघडं. कडी तुटलेली नाही, कुलूप फुटलेलं नाही. चोर आपल्याच घरात आल्यासारखा किल्ली लावून आत शिरला! लेकीचा कॉम्प्युटर, आईच्या बांगड्या, सगळं धुऊन नेलं."

नाव त्याचंच होतं. म्हणजे त्याच्या वडिलांचं, ठसठशीत अक्षरांत, अस्सलापेक्षाही सुबक. नक्कल करणाऱ्यांनी फक्त नावावरच मेहनत घेतली होती. बाई बोलून बोलून दमल्या आणि कुलूप तिथंच टाकून निघून गेल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आणि हा संन्यासी आता रोजच्या फाशीला पुरता विटला होता.

वडिलांनी दुकानाला एक पद्धत घालून दिली होती. कुलूप विकताना गिऱ्हाइकासमोर त्याला दुसऱ्याच कुलपाची किल्ली लावून दाखवायची. "स्वतःच्या किल्लीनं कुठलंही कुलूप उघडतं," ते म्हणायचे. "परक्या किल्लीनं उघडत नाही, ते कुलूप." त्यासाठी काउंटरच्या खिळ्याला परक्या किल्ल्यांचा एक जुडगा कायम टांगलेला असे. हल्ली त्यावर धूळ बसली होती. दाखवायचं कुणाला? माणसं किंमत विचारायची, फुटपाथवरची किंमत सांगायची आणि त्याच्याकडे लुटारू असल्यासारखं बघत निघून जायची.

तक्रार करायला तो पोलीस चौकीत गेला होता. तिथं जप्तीच्या मालाच्या खोलीलाच तसलं नकली कुलूप लटकलेलं. पुरावा म्हणून त्याने घरच्या कपाटाची किल्ली लावून ते खटकन उघडून दाखवलं, तर हवालदाराने तक्रार राहू दिली बाजूला आणि त्याचंच नाव-गाव लिहून घेतलं. त्या दिवसापासून तो कपाळावर हात मारण्याव्यतिरिक्त दुसरी कुठलीही तक्रार करत नसे.

दुकानामागच्या खोलीत पूर्वी किल्ल्या घासणाऱ्यांची अख्खी रांग बसायची. आता एकटे म्हातारे मिस्त्री उरले होते. बाकीचे मिळेल त्या कामाला लागले. एक तर रखवालदार झाला होता. चोऱ्या वाढल्याने त्या धंद्याला मात्र बरकत होती.

"तत्त्वं काय शिजवून खायची?" बायको परवा म्हणाली होती. ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. ती थकून बोलली.

म्हणून आज स्वस्तराव येणार होता. बाजारात सगळे त्याला याच नावाने ओळखत. स्वस्त घड्याळं, स्वस्त बॅटऱ्या, स्वस्त कुलपं. माल कुठून येतो हे कुणी विचारत नसे आणि पावती तो कुणाला देत नसे. बाई गेल्यावर थोड्याच वेळात त्याचा टेम्पो दाराशी लागला. हमालांनी खोकी आणून काउंटरपाशी रचली.

"काका, उगाच इतकी वर्षं डोकं फोडून घेतलंत," स्वस्तराव खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाला. "तुमच्याच नावाचा माल, तुमच्याच दुकानात. नाव तेच आहे. गिऱ्हाईक नाव बघतं, आत काय आहे ते कोण बघतो? मागची खोली रिकामी करा, तिथंही खोकी मावतील."

मागे कानस घासण्याचा आवाज थांबला. मिस्त्रींनी ऐकलं होतं. कुलूपवाल्याने तिकडे बघायचं टाळलं. त्याला लाज वाटत होती, आणि लाज वाटण्याचाही कंटाळा आला होता.

"ठेवा," तो म्हणाला.

स्वस्तराव खूश होऊन उठला. पायरीपर्यंत गेला आणि काहीतरी आठवून परत फिरला.

"हां, एक राहिलंच. तुमच्या जुन्या मालातलं एक मोठं कुलूप द्या मला. गोडाऊनला लावायचंय." त्याने आवाज खाली आणला. "हल्ली चोऱ्या किती वाढल्यात, बघताय ना? कुणाचा भरवसा उरला नाही. आणि काका, ती परकी किल्ली लावून दाखवा हं आधी. तुमची पद्धत आहे ना ती?"

मग कुलूपवाला वाकला. स्वस्तरावाच्याच खोक्यातून त्याने सगळ्यात मोठं कुलूप काढलं. खिळ्यावरचा जुडगा घेतला, फुंकर मारून धूळ उडवली आणि हाताला लागली ती किल्ली लावली.

कुलूप खटकन उघडलं.

स्वस्तरावाचं हसू ओठांवरच अडकलं. कुलूपवाल्याने एकेक खोकं पायाने ढकलत दाराबाहेर काढलं. शेवटचं खोकं पायरीवरून खाली गेलं, तशी मागे मिस्त्रींची कानस पुन्हा सुरू झाली. मग त्याने ते उघडं कुलूप स्वस्तरावाच्या हातात ठेवलं.

"हे लावा गोडाऊनला," तो म्हणाला. "नाव तेच आहे."