आभाळाच्या मागे

रोजच्या पेपरातले रंगीत तुकडे कापून, पातळ कागदावर चिकटवून ती त्या-त्या दिवसाचं चित्र करायची. बातम्या वाचायच्या भानगडीत पडायची नाही. थोरला भाऊ एकदा चारचौघांत तिला ‘रद्दीवाली’ म्हणाला, तेव्हापासून तिने त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं. आज सकाळी तिने जाहिरातीतलं फिकट निळं आभाळ कापून चिकटवलं. दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला, वहिनी होती. “शेवटचं तोंड बघायलाही आली नाहीस?” “कुणाचं?” “तुझ्या दादाचं! आमचे फोन तू उचलत नाहीस, म्हणून मुद्दाम तुझ्याच पेपरात फोटो दिला.” तिने भराभर पानं उलटली. निधनवार्तांच्या पानाला आभाळाएवढं भोक होतं. तुकडा सोलायला गेली, तर फाटायला लागला. चित्र खिडकीतल्या उजेडावर धरलं. आभाळाआडून दादा पुसट दिसला. खालची उलटी अक्षरं तिने एकेक जुळवली: पश्चात पत्नी आणि चित्रकार बहीण.