नजीरभाईंच्या ड्रमची खडखड

लग्नात वाजवणाऱ्या नजीरभाईंच्या बँडमधला ड्रम बारा वर्षांपासून खडखडत होता. यंदा त्यांनी मनावर घेतलं. हसनाबादच्या बाजारातून मूठभर नटबोल्ट आणले, सायकलच्या जुन्या ट्यूबचे वायसर कापून बसवले, आणि ड्रम असा घुमायला लागला की पहिल्याच लग्नात वऱ्हाडी वळून वळून बघू लागले.

परण्याची मिरवणूक मारुतीच्या देवळापासून मंडपाकडे निघाली, पण नवरदेवाची घोडी जागची हलेना. गूळ देऊन झाला, चुचकारून झालं, मुहूर्त टळायला आला. शेवटी बँडसोबत कायम फिरणारा घोडीवाला भुजंग ड्रमजवळ आला.

"भाई, जल्दी पाना काढा."

"आता काय आवळायचं राह्यलं?"



"आवळायचं न्हाई, दोन नट ढिले करा. ही बारा वर्षांपासून त्या खडखडीवरच चालून राह्यली!"